जाळीवादाचे खंडन: शॅमेलिऑनचे घर कसे असावे

शॅमेलिऑन पाळणाऱ्या लोकांत एक नियम इतका रुजला आहे की त्याची कारणे आता कुणी विचारत नाही. शॅमेलिऑनला चारही बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यातच ठेवावे, काचेच्या पेटीत तो जगत नाही, असा तो नियम. प्राण्यांच्या दुकानांत हाच सल्ला मिळतो, पाळण्याविषयीच्या पुस्तिकांत तोच छापलेला असतो. नवा पाळणारा पिंजरा घेताना जाळी आहे एवढे पाहतो आणि निश्चिंत होतो. पुढे प्राण्याचे डोळे खोल गेले, कातडीला सुरकुत्या पडल्या, मूत्राचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी होऊ लागला, तरी त्याचा संशय पिंजऱ्यावर जात नाही, कारण पिंजरा तर नियमाप्रमाणे आहे.

या नियमाचे खंडन करण्यासाठी हा लेख लिहिला आहे. जाळी वाईट आणि काच चांगली, असा उलटा नियम मला मांडायचा नाही. पिंजरा कशाचा बनवला आहे यावरून तो योग्य की अयोग्य हे ठरतच नाही, असे माझे म्हणणे आहे. आतल्या हवामानात किती फरक टिकून राहतो, यावर ते ठरते. वर आणि खाली, दिवसा आणि रात्री, उजेडात आणि आडोशाला जिथे फरक टिकतो, ते शॅमेलिऑनचे घर. जिथे सगळीकडे सारखेच हवामान आहे तो त्याचा तुरुंग, मग भिंती जाळीच्या असोत वा काचेच्या.

आधी विषयाची मर्यादा सांगतो. शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये आहेत. केनियातल्या थंड डोंगरावरचा जॅक्सनचा शॅमेलिऑन आणि मादागास्करच्या उष्ण किनारपट्टीवरचा पँथर शॅमेलिऑन यांच्या गरजा एक नाहीत. म्हणून मी उदाहरणासाठी येमेनी शॅमेलिऑन, शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस, हीच जात घेतो. डोक्यावर उंच शिरस्त्राण असलेला हा सरडा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला. बंदिवासात त्याची पैदास सर्वांत सहज होते, म्हणून नवशिक्याच्या हाती बहुधा हाच पडतो.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या रानात आणि शेताच्या कुंपणावर दिसणारा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत आहेत. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची सरकारकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. पुढचे सगळे विवेचन हे नियम पाळणाऱ्यांसाठी आहे.

पूर्वपक्ष

जाळीवाद्यांचा पक्ष दुबळा करून मांडणे अन्यायाचे ठरेल. तो अनुभवातून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिका आणि मादागास्करमधून रानातले शॅमेलिऑन पकडून अमेरिका-युरोपात पाठवले जात. प्रवासात तहानलेले, पोटात जंत असलेले हे प्राणी दुकानात पोहोचले की माशांच्या टाकीत टाकले जात. टाकीला चारही बाजूंनी काच, वर झाकण, तळाशी ओला भुसा. बहुतेक मरत. काही अमेरिकी पाळणाऱ्यांनी त्यांना अंगणात, झाडाभोवती जाळी लावून ठेवून पाहिले, आणि फरक ठळक होता. फ्लोरिडा, कॅलिफोर्नियाचा किनारा आणि हवाई इथली दमट, उबदार हवा या प्राण्यांना मानवली. हवाईत तर १९७२मध्ये आणलेले जॅक्सनचे शॅमेलिऑन ओआहू बेटावर मोकळे झाले आणि तिथेच स्थिरावले. जाळीचा पिंजरा या अनुभवातून जन्मला, आणि त्याने असंख्य प्राणी वाचवले हे मान्यच करायला हवे.

या पक्षाचे हेतू, म्हणजे कारणे, चार. पहिला, काचेत हवा कोंडते, कोंडलेल्या दमट हवेत जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि शॅमेलिऑनला फुप्फुसाचा संसर्ग होतो. दुसरा, काचेत उष्णता साठते आणि प्राणी भाजून निघतो. तिसरा, काचेत त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते, तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो आणि सततच्या ताणाने खंगतो. चौथा, काच अतिनील किरण अडवते, जाळी त्यांना आत येऊ देते.

तिसऱ्या हेतूला तर संशोधनाचाही आधार दाखवता येतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील रसेल लिगन आणि केविन मॅकग्रॉ यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात येमेनी नरांच्या झुंजी तपासल्या. अंगावरचे पट्टे किती तेजस्वी होतात आणि डोक्याचा रंग किती झपाट्याने बदलतो यावरून कोण पुढे सरसावणार आणि कोण जिंकणार याचा अंदाज येतो, असे त्यांना आढळले. हा प्राणी दुसऱ्या नराकडे किती लक्ष देतो हे यातून दिसते. मग समोर दिवसभर प्रतिबिंब उभे असेल तर काय होईल, असा जाळीवाद्यांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे.

उत्तरपक्ष: व्याप्तीतला दोष

आपल्या न्यायशास्त्रात या प्रकारच्या युक्तिवादाचे परीक्षण करण्याची एक जुनी रीत आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघण्यासाठी अग्नीला ओल्या सरपणाची जोड लागते. ही जोड म्हणजे उपाधी. उपाधी लक्षात न घेता बांधलेला नियम वरवर बरोबर वाटतो, पण पहिल्याच वेगळ्या उदाहरणात फसतो.

‘जिथे काच तिथे रोग’ हा नियम तसाच आहे. त्यातले ओले सरपण म्हणजे खालून हवा आत येण्याची वाट नसणे. माशांची टाकी पाणी धरून ठेवण्यासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्या तळाला आणि बाजूंना एकही फट नसते. तिच्यात शॅमेलिऑन मेले ते या बंदिस्तपणामुळे, आणि दोष लागला काचेला. युरोपात, विशेषतः जर्मनीत, पाळणाऱ्यांनी काचेच्या टेरारियमचा वापर दीर्घकाळ केला आहे. त्या पेट्यांत पुढच्या बाजूला दाराखाली जाळीची एक पट्टी असते आणि छतावर दुसरी. वर दिवा लागला की गरम झालेली हवा छतातून बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला खालच्या पट्टीतून ताजी हवा आत येते. धुराडे चालते त्याच तत्त्वावर ही पेटी श्वास घेते. पेटी जितकी उंच आणि वरखालच्या तापमानातला फरक जितका अधिक, तितका हा प्रवाह जोरकस. शॅमेलिऑनची पेटी उंच असावीच लागते, म्हणजे तत्त्वाला लागणारी उंची तिच्यात मुळातच आहे.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. दमट हवा जड असते आणि ती पेटीच्या तळाशी साचून राहते असे अनेकजण मानतात. वस्तुस्थिती उलट आहे. पाण्याच्या रेणूचे वजन हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा कमी, म्हणून एकाच तापमानाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ऊब आणि ओल दोन्ही हवेला वर नेतात. तळाशी ओल साचते ती साचलेल्या पाण्यामुळे आणि न वाहणाऱ्या कुंड्यांमुळे. तिचा इलाज निचरा आहे, आणि निचरा जाळीच्या पिंजऱ्यालाही तितकाच लागतो. थेंब झेलणारा ट्रे आठवडाभर न रिकामा करणाऱ्याचा जाळीचा पिंजरा काचेच्या पेटीपेक्षा स्वच्छ असत नाही.

पाण्याचा हिशेब

जाळीवाद सर्वांत जास्त नुकसान करतो तो आर्द्रतेच्या बाबतीत, म्हणून इथे थोडा थांबून हिशेबच मांडतो.

येमेनी शॅमेलिऑन वाळवंटातला प्राणी आहे, त्याला कोरडे चालते, असे सर्रास सांगितले जाते. येमेन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळू येते. पण हा प्राणी राहतो तो नैर्ऋत्य अरबस्तानातल्या डोंगरउतारांवर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत, वाद्यांच्या म्हणजे हंगामी ओढ्यांच्या काठच्या झाडाझुडपांत. दिवसा तिथे ऊन आणि कोरडेपणा असतो. रात्री तापमान बरेच उतरते आणि धुके व दव पडते. पहाटे पानापानांवर थेंब असतात. चेक अभ्यासक पेत्र नेचास यांनी रानातल्या निरीक्षणांच्या आधारे हा मुद्दा पाळणाऱ्यांपुढे सातत्याने मांडला आहे: दिवसा तुलनेने कोरडे, रात्री गार आणि ओलसर. निजलेला प्राणी रात्रभर दमट हवा श्वासात घेतो, त्यामुळे श्वासावाटे त्याचे पाणी कमी जाते, आणि सकाळी तो दव चाटतो. वाटीतले संथ पाणी शॅमेलिऑनला बहुधा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. त्याला हलते, चमकते थेंब लागतात.

आता न्यूजर्सी किंवा शिकागोतल्या मराठी घराचा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. बाहेरची हवा शून्य अंश सेल्सिअसवर पूर्ण दमट असली तरी तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये जेमतेम पाच ग्रॅम बाष्प मावते. हीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २५ टक्क्यांवर येते, कारण त्या तापमानाला एका घनमीटरमध्ये साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास बाष्प मावू शकते. रात्री २० अंशांवर ८० टक्के आर्द्रता हवी असेल तर प्रत्येक घनमीटरमागे आणखी सुमारे नऊ ग्रॅम पाणी हवेत मिसळावे लागेल. प्रौढ नरासाठी सर्वमान्य पिंजरा ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच असतो. त्याचे आकारमान ०.४३ घनमीटर, म्हणजे त्याच्यापुरते पाणी लागते अवघे चार ग्रॅम.

पण चारही बाजूंनी जाळी असली की पिंजऱ्याची हवा आणि खोलीची हवा एकच. तीन बाय चार मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली धरली तर ती ३२ घनमीटर होते, आणि तिला लागते जवळपास तीनशे ग्रॅम पाणी. तेही एकदाच नव्हे, दारा-खिडक्यांच्या फटींतून कोरडी हवा येत राहते तसतसे पुन्हा पुन्हा. जाळीचा पिंजरा घेतलेला माणूस नळकांडीतून फवारा मारत राहतो, आर्द्रतामापकाचा काटा वर चढलेला पाहतो आणि समाधान मानतो. काही मिनिटांत ते बाष्प खोलीत विरून गेलेले असते. प्राण्याच्या मूत्रपिंडावर याचा परिणाम हळूहळू होतो, म्हणून कारण सापडत नाही. बंदिवासातल्या शॅमेलिऑनमध्ये मूत्रपिंडाचे विकार वारंवार आढळतात आणि दीर्घकाळची पाण्याची तूट हे त्यांचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तीन बाजू बंद केल्या, समोर आणि वर मोजकी जाळी ठेवली, की खोलीला हात न लावता ही रात्रीची ओल धरता येते.

उरलेले तीन हेतू

उष्णतेचा हेतू मी अर्धा मान्य करतो. थेट उन्हात ठेवलेली काचेची पेटी थोड्याच वेळात भट्टी होते आणि आतला प्राणी मरतो. म्हणून उन्हात न्यायचे असेल तेव्हा जाळीच, आणि तीही अर्ध्या भागावर सावली असलेली. हा नियम निरपवाद आहे. मात्र घरातली पेटी उन्हात नसते. तिची उष्णता दिव्यातून येते, आणि दिव्याचे वॅट, अंतर व वेळ आपल्या हातात असतात. उलट जाळीच्या छतावर दिवा टेकवून ठेवण्याची सवय किती धोक्याची आहे, हे क्वचितच सांगितले जाते. शॅमेलिऑन छताच्या जाळीला उलटा लटकतो, दिव्यापासून दोन बोटांवर येतो, आणि त्याचे शिरस्त्राण किंवा पाठ भाजते.

प्रतिबिंबाचा प्रश्न खरा आहे, पण तो काचेचा नाही, प्रकाशाच्या तोलाचा आहे. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की आतून काच आरशासारखी दिसते. बाहेरही उजेड असला की ती पारदर्शक होते. खोलीत पुरेसा प्रकाश ठेवणे, मागची आणि बाजूच्या भिंती अपारदर्शक करणे, पुढच्या काचेलगत पाने येऊ देणे, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. शिवाय दुसरा शॅमेलिऑन दिसणे म्हणजे प्रत्येक वयात घातच, हे गृहीतक तपासून पाहायला हवे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१४मध्ये येमेनी शॅमेलिऑनच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मापासून एकेकटी वाढवलेली पिल्ले पुढे इतरांसमोर अधिक दबून वागली, अधिक गडद रंगाची राहिली, आणि भक्ष्य टिपण्यातही मागे पडली. प्रौढांना वेगवेगळे ठेवायचे, याबद्दल माझे दुमत नाही. पण ‘ताण’ हा शब्द उच्चारला की पुरावा दिला, असे होत नाही.

अतिनील किरणांचा हेतू तर जाळीवाद्यांवरच उलटतो. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किरण कातडीवर पडले की तिथे ड जीवनसत्त्वाची पहिली पायरी तयार होते. त्याशिवाय कॅल्शियम हाडांत जात नाही, हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जिभेची नेमबाजी जाते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, हे बरोबर. पण काचेच्या टेरारियमचे छत काचेचे नसतेच. दोन्ही प्रकारच्या पिंजऱ्यांत अतिनील नळी छतावरच्या जाळीच्या वर बसते, आणि ती जाळीच सुमारे एक-तृतीयांश किरण खाते, वीण दाट असेल तर त्याहून अधिक. म्हणून बाजूच्या भिंती कशाच्या, याचा या किरणांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो छताच्या विणीचा, नळीच्या ताकदीचा आणि अंतराचा. उन्हाची बैठक असते तिथे अतिनील निर्देशांक ३च्या आसपास असावा, आणि तो मोजण्याचे यंत्र मिळते. अंदाजाने ठरवू नये, कारण अति झाले तर डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

उलट्या टोकाचेही खंडन

जाळीवादाला कंटाळून आता काहीजण दुसऱ्या टोकाला निघाले आहेत. संपूर्ण बंद काच, तळाला मातीचा जाड थर, शेवाळ, दिवसभर धुके सोडणारे यंत्र. छायाचित्रात ही पेटी पावसाळी अरण्यासारखी दिसते आणि पाहणारा भुलतो. पण दिवसभर ऊब आणि ओल एकत्र राहिली की फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण मिळते. येमेनी प्राण्याला धुके हवे ते रात्री, आणि तेही तापमान उतरल्यावर. गार रात्रीतले धुके आणि उबदार दुपारचे धुके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे दोन पक्ष एकमेकांचे शत्रू वाटतात. दोघांचा दोष मात्र एकच आहे: एकसारखेपणा. जाळीचा पिंजरा वरपासून खालपर्यंत खोलीएवढाच कोरडा, बंद पेटी वरपासून खालपर्यंत सारखीच दमट. दोन्हींत प्राण्याला निवडायला काही उरत नाही.

सिद्धान्त

निवड हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. शॅमेलिऑन स्वतःच्या शरीराची ऊब आतून निर्माण करू शकत नाही. तो जागा बदलून ती मिळवतो. सकाळी गडद होऊन उन्हाला कूस देतो, तापला की फिकट होतो, आणि पुढे आडोशाला सरकतो. क्रिस्टोफर कार्स्टन, गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये पँथर शॅमेलिऑनवरचे संशोधन प्रसिद्ध केले. आहारातून ड जीवनसत्त्व कमी मिळालेले प्राणी आपण होऊन अतिनील किरणांखाली जास्त राहिले, आणि आहारातून पुरेसे मिळालेले कमी. आपल्याला किती हवे हे त्या प्राण्यांना कळत होते आणि त्यानुसार ते जागा निवडत होते.

पाळणाऱ्याचे काम यावरून ठरते. ‘योग्य’ तापमान आणि ‘योग्य’ प्रकाश नेमून देणे आपल्याला साधणार नाही, कारण आजचे योग्य उद्याचे असेलच असे नाही. अंडी धरलेली मादी, कात टाकणारे पिल्लू, आजारातून उठलेला नर, प्रत्येकाची गरज वेगळी. आपण पुरवायचा तो उतार: एका टोकाला प्रखर ऊन, दुसऱ्या टोकाला गार सावली, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर बसायला फांदी. पिंजऱ्याची परीक्षा घ्यायची असेल तर तापमापक आणि आर्द्रतामापक दोन-दोन लावा, एक वर आणि एक खाली, आणि दुपारी व पहाटे वाचा. तापमानाचे चारही आणि आर्द्रतेचे चारही आकडे सारखे आले तर पिंजरा नापास.

येमेनी शॅमेलिऑनसाठी उताराचे आकडे असे. बैठकीच्या जागी ऊब २९ ते ३२ अंश, पिल्लांसाठी आणि माद्यांसाठी थोडी कमी. तळाच्या सावलीत २२ ते २४. रात्री सगळीकडे उतरून १८ किंवा त्याहूनही थोडे कमी. दिवसा आर्द्रता ४० ते ५० टक्के, रात्री ८०च्या वर.

बांधणी

असे घर विकत मिळते, पण महाराष्ट्रात ते करवून घेणे जास्त सोपे आहे. खिडक्या करणारा फॅब्रिकेटर ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट करून देतो. मागची आणि दोन बाजूंच्या भिंती पीव्हीसी फोम बोर्डच्या, म्हणजे दुकानात सनबोर्ड म्हणून मिळणाऱ्या पाट्यांच्या. त्या पाण्याने फुगत नाहीत, पुसायला सोप्या असतात आणि त्यांत आरसा दिसत नाही. प्लायवूड वापरायचे तर पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात देऊन वास पूर्ण जाईपर्यंत, निदान काही आठवडे, मोकळे ठेवावे. ॲक्रिलिकची पाटी ऊब आणि ओलीने वाकते, म्हणून दाराला काचच बरी. दाराखाली दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीची जाळीची पट्टी पूर्ण रुंदीभर, आणि छत पूर्ण जाळीचे. जाळी मऊ, बारीक ॲल्युमिनियमची किंवा फायबरची असावी. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी तार नको, तिच्यात नखे अडकून उपटतात. सांधे भरायचे सिलिकॉन मत्स्यपेटीचे असावे, बुरशीनाशक मिसळलेले नसावे. तळाला उतार, एका कोपऱ्यात भोक, आणि खाली बादली.

ही चौकट उभी राहिली म्हणजे घर झाले असे नाही. शॅमेलिऑन भिंतींत राहत नाही, तो फांद्यांत राहतो, आणि सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच. त्याच्या पकडीत येतील अशा, अंगठ्याएवढ्या आणि त्याहून बारीक वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या आडव्या-तिरक्या बांधाव्यात. सर्वांत वरची फांदी दिव्याखाली वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. नेमके अंतर तापमापक सांगेल. छताजवळ रिकामी जागा ठेवली तर प्राणी जाळीला लटकतो, म्हणून वरच्या फांद्या अशा बांधाव्यात की जाळी पकडण्याची त्याला गरजच वाटू नये. मधल्या पट्ट्यात जिवंत झाडे दाट हवीत. जास्वंद उत्तम, कारण येमेनी शॅमेलिऑन पाने-फुलेही खातो. मनीप्लँट बहुतेक पाळणारे वापरतात. कण्हेर मात्र घरातसुद्धा त्याच्या आसपास नको, ती विषारी आहे. झाडाची दाटी इतकी हवी की प्राण्याला ठरवून लपता यावे. दिसत नाही म्हणून माणूस अस्वस्थ होतो आणि झाडे विरळ करतो. प्राण्याचा ताण वाढवणारे याहून हमखास कृत्य नसेल. पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावी, म्हणजे त्याची बैठक माणसाच्या डोळ्यांच्या वर राहते. भक्षक वरून झेपावतो हे त्याच्या रक्तात आहे.

मादी असेल तर तळ हा घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग होतो. येमेनी मादी नराशिवायही अंडी धरते, आणि एका वेळी वीस ते सत्तर घालू शकते. अंडी घालायला बीळ खणता येईल अशी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकतात आणि मादी मरते. एक फूट लांब-रुंद डब्यात निदान पंधरा-वीस सेंटिमीटर ओलसर वाळू-माती, बीळ ढासळणार नाही इतकी दाबलेली, कायम ठेवावी. ‘तळ उघडा ठेवा, साफ करायला सोपे’ हा सल्ला नरापुरता ठीक. मादीसाठी तो जीवघेणा आहे.

जागेनुसार घर

इतके मांडल्यावर जाळी कधी योग्य, याचे उत्तर आपोआप निघते. जुलैच्या ठाण्यात खोलीची हवा स्वतःच ८५ टक्क्यांच्या आसपास दमट असते. तिथे हवा खेळती ठेवणे हाच प्रश्न, आणि तिथे जाळी जास्त घ्यावी. मे महिन्याच्या नागपुरात ४५ अंश आणि कमालीचा कोरडेपणा. तिथे बंद बाजू, वातानुकूलित खोली आणि रात्रीची ओल लागेल, कारण वातानुकूलन यंत्र हवेतले पाणी आणखी काढून घेते. न्यूजर्सीच्या जानेवारीत बंद बाजूंशिवाय गत्यंतर नाही. एकच पिंजरा या तीन ठिकाणी तीन वेगळे परिणाम देणार असेल, तर ‘जाळीच हवी’ हे वाक्य तिन्ही ठिकाणी खरे कसे असेल?

एक आक्षेप उरतो. अनेकांचे शॅमेलिऑन जाळीत वर्षानुवर्षे जगले आहेत, मग वाद कशाला? ते जगले कारण त्यांच्या खोलीचे हवामान प्राण्याला मानवणारे होते, किंवा पाळणाऱ्याने दिवसातून अनेकदा फवारणी करून तूट भरून काढली. त्यांचे श्रेय खोलीला आणि त्या माणसाच्या कष्टाला आहे. ते जाळीच्या नावावर जमा करून दुसऱ्या हवामानातल्या नवशिक्याला दिले, की सल्ल्याची हानी सुरू होते. आणि जगणे हाच निकष असेल तर तो फार खालचा निकष आहे. सरडा आजार लपवतो. तो दिसू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

खर्चाचा आक्षेप मी मानत नाही. प्राणी स्वस्त आणि घर महाग, हे या प्राण्याचे खरे मूल्यपत्रक आहे. अतिनील नळी, टायमर, फवारणीचे यंत्र, तापमापक, सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य, हे सगळे आधी जमवावे, पेटी उभी करून दोन आठवडे रिकामी चालवावी, वरखालचे आकडे रोज लिहावेत, आणि उतार टिकतो हे पटल्यावरच प्राणी आणावा. ज्याला इतकी तयारी जमणार नाही त्याने शॅमेलिऑन पाळू नये, आणि दुकानदाराने त्याला विकू नये. जी पेटी तिच्या मालकाला मोजमाप करायला लावते ती चांगली, आणि जी एका नियमाच्या भरवशावर त्याला निश्चिंत करते ती वाईट.